कोणी ना कोणी

पिनर,
लंडन, ९ सप्टेंबर २०२५

मीनल बाळा,

तुला, अजयला आणि तनूला पोटभर आशीर्वाद. परवा फोनवर तू काहीतरी सांगत होतीस आणि मी नुसती "हो हो" करत होते. खरं सांगू? त्यातलं अर्धंही कानात शिरलं नाही. कानातलं हे यंत्र समोर बसलेल्या माणसाचं ऐकू देतं, फोन जवळ आला की शिट्ट्या मारतं. म्हणून आपली ही जुनी वाटच बरी. पत्र दोनदा वाचता येतं, आणि मध्ये उठून चहाही करता येतो.

आधी तू ज्याची वाट बघते आहेस ती बातमी. मोठ्या आतड्यातली गाठ काढायचीच असं ठरलं. नोव्हेंबरची वीस तारीख दिली आहे. डॉक्टर मुलगा चांगला आहे, तोंडाकडे बघून सावकाश बोलतो. गाठ साधी की वाईट, ते काढून तपासल्यावरच कळेल म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, या वयात पोटात काय काय साठलंय, त्यात एक गाठ. तो हसला. घरी आल्यावर मला काही हसू आलं नाही, पण ते असो.

आता दुसरं. शेजारच्या घरात वरच्या खोल्यांत एक तुर्की बाई राहायला आली आहे हे मागे लिहिलं होतं ना? सेविम तिचं नाव. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. मुलगा लांब पल्ल्याची लॉरी चालवतो, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. लायब्ररीत आमचं दर बुधवारी इंग्रजी बोलायचं टेबल असतं, तिथे ती येते. हो, अजून चालवते मी ते टेबल. सातवीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेली बाई मी, इंग्रजी शिकले ती बसवरच्या पाट्या आणि बिस्किटांच्या पुड्यांवरून. पण वासरांत लंगडी गाय शहाणी.

तर मागच्या आठवड्यात सेविमचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी, तसलं. दुभाषी हवा का विचारलं होतं, तर हिनेच छाती पुढे काढून सांगितलं, "माय इंग्लिश गुड." घरी सोडताना नर्सने विचारलं, "इज देअर एनीवन ॲट होम?" घरी कोणी आहे का? सेविम म्हणाली, "एनीवन." गोड हसून म्हणाली असणार, तशीच आहे ती. नर्सला वाटलं, घर भरलेलं आहे. टॅक्सीत बसवून दिली.

आणि घरात कोणी नव्हतं गं. मुलगा स्कॉटलंडच्या वाटेवर. सकाळी तिचा पडदा उघडला नाही तेव्हा मला चुटपुट लागली. किल्ली असते माझ्याकडे. जाऊन बघते तर स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली, केटल उलटलेली, ओठ पांढरेफटक. चहा करायला उठली आणि चक्कर आली. भिंतीवर हात मारून मला हाका मारत होती म्हणे. मला बहिरीला काय ऐकू येणार?

आता बरी आहे. पण माझं डोकं चालेना. खोटं बोलणारी बाई नव्हे ही. मी विचारलं, तू "एनीवन" का म्हणालीस? तर म्हणते, "बिकॉज एनीवन! होम, एनीवन!" आणि दोन्ही तळहात पालथे-उताणे करून रिकामे दाखवते. तुझ्या ऑफिसात कोणी तुर्की माणूस आहे का? विचार बरं. हे कोडं सुटल्याशिवाय मी तिला पुढचं काय शिकवू?

तुझी
आत्या


मिल्टन कीन्स,
१७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. पत्र ऑफिसला निघतानाच मिळालं, कार पार्कमध्ये बसून वाचलं आणि मीटिंगला उशीर केला.

तुमचं कोडं सुटलं. आमच्या टेस्टिंग टीममध्ये ओझगे नावाची मुलगी आहे, इझमीरची. लंचला तिला सगळं सांगितलं, तर तिने हातातलं सँडविच खाली ठेवलं आणि म्हणाली, "ओ नो. किमसे!"

ऐका. तुर्कीत "किमसे" म्हणून एक शब्द आहे. "किमसे वार म?" म्हणजे "कोणी आहे का?" आणि "किमसे योक" म्हणजे "कोणी नाही". शब्द तोच. आहे की नाही ते पुढचा शब्द सांगतो. डिक्शनरीत किमसेपुढे एनीवन लिहिलेलं असतं, म्हणून पोरं तेच पाठ करतात. पण गंमत अशी की तुर्कीत तुम्ही विचारलंत, "घरी कोण आहे?" तर नुसतं "किमसे" म्हटलं तरी चालतं. त्याचा अर्थ होतो, कोणीच नाही! तुमच्या सेविमबाईंनी मनातल्या मनात "किमसे" म्हटलं आणि तोंडाने "एनीवन". त्यांनी खरंच सांगितलं होतं हो, की माझ्या घरी कोणी नाही.

ओझगे म्हणाली, तिच्या आजीच्या बोलण्यात "किमसेम योक" असं फार यायचं. "माझं कोणी नाही." मी म्हटलं, अगं, हे तर आमचंच वाक्य झालं. "कोणी" हा तुमचा किमसेच आहे.

आता माझं विचारते. वीस तारखेला तुमच्याबरोबर कोण आहे? आणि घरी आल्यावर? मोठं ऑपरेशन आहे, पित्ताशयासारखं नाही. मी सुट्टी टाकते. इथलं लपवत नाही, ऑफिसात वातावरण वाईट आहे. आमच्या डिपार्टमेंटमधली माणसं कमी करणार आहेत आणि कोणाची नावं आहेत ते डिसेंबरात कळेल. आमचा व्हिसा कंपनीवर उभा. उन्हाळ्यापर्यंत टिकलो तर इथे कायमचं राहता येईल. तरी तुम्ही हाक मारलीत तर मी निघाले, एवढं लक्षात ठेवा. कोणी नसेल तर सरळ "नाही" लिहा.

तुमची
मीनल


पिनर,
२९ सप्टेंबर

मीनल बाळा,

तुझ्या त्या ओझगेला माझ्यातर्फे बेसनाचा लाडू दे. आमच्या बुधवारच्या टेबलाचं भाग्य उजळलं.

मी सेविमला सांगितलं, एनीवन म्हणजे बटाटा. ज्या भाजीत टाकशील त्या भाजीचा होतो. प्रश्नात टाकलास तर "कोणी आहे का". नॉटच्या शेजारी बसवलास तर "कोणी नाही". पण एकटाच वाढलास तर समोरच्याला कसली भाजी ते कळायचं नाही. म्हणून कोणी विचारलं, "इज देअर एनीवन?" तर उत्तरात एनीवन द्यायचा नाही. "नो, नो वन." बस. तिने लगेच वाक्य केलं, "आय डोन्ट हॅव नो वन." मी म्हटलं, बाई, मीठ दोनदा पडलं. आपल्या दोघींच्या भाषेत नाहीला नाही जोडलं तरी गोड लागतं. इंग्रजाच्या पातेल्यात मीठ एकदाच. नॉट घातलंस की नो वन नको, नो वन घातलंस की नॉट नको.

मग तिसरा अर्थ आला, आमच्या "कोणीही"चा. आणि तिथे ती हसत सुटली, हसता हसता टाके दुखले तिचे. कारण काय, तर लायब्ररीच्या दारावर आमच्या टेबलाची पाटी आहे, "एनीवन कॅन जॉइन." म्हणजे कोणीही या. ही बया पाटी वाचून तीन बुधवार बाहेरच्या बाकावर बसून परत गेली होती! तिला वाटलं, कोणी यायचं नाही असं लिहिलंय. मी म्हटलं, मग आलीस कशी? म्हणाली, आत तू एकटीच बसलेली दिसायचीस, चार खुर्च्या मांडून. मला वाटलं, हिलाही कोणी सांगितलेलं दिसत नाही की यायला बंदी आहे.

पण आज लिहायला बसले ते या हसण्यासाठी नाही. त्या सकाळी फरशीवर पडल्यावर ती भिंतीतून काय ओरडत होती, ते तिने मला सांगितलं. "किमसे योक मु?" कोणी नाही का? मीनल, ती अंताक्याची. अडीच वर्षांमागे तिकडे तो मोठा भूकंप झाला ना, त्यात तिचं घर बसलं. ती जिन्याखाली अडकली होती. वरून माणसं ओरडायची, "किमसे वार म?" आणि मग सगळी यंत्रं बंद करायचे, कोणी खोकायचंही नाही, खालून आवाज येतो का ऐकायला. हिने उत्तर दिलं. तिची बहीण दोन हातांवर होती, तिने नाही दिलं. हे सांगताना सेविम रडली नाही. माझ्या ओट्यावरचे मेथीचे देठ एका रांगेत लावत राहिली.

आणि मी त्या शब्दाचा बटाटा करून शिकवत होते. असो. तिला ते खटकलं नाही म्हणते. "पोटॅटो गुड," म्हणाली.

वीस तारखेची काळजी तू करू नकोस. कोणी ना कोणी आहेच गं. आमच्या मराठी मंडळाची माणसं आहेत, शेजार आहे, मला काय, कोणीही चालतं. तू नोकरी सांभाळ. उन्हाळ्यापर्यंत तेवढं टिकवलंत की जन्माचं काम झालं. आत्याचं पोट कुठे पळून जात नाही.

तुझी
आत्या


मिल्टन कीन्स,
१२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

सेविमबाईंचं वाचून दोन दिवस मन लागलं नाही. ओझगेला सांगितलं. ती खिडकीबाहेरच्या राउंडअबाउटकडे बघत बसली. तिचे मामा त्या बाजूचे आहेत.

पण तुमच्याकडे माणसं आहेत हे कळून जीव भांड्यात पडला. अजय म्हणालाच, "आत्यांचं मंडळ म्हणजे काय साधं आहे का, गणपतीला दोनशे मोदक करणारी बाई ती, तिला माणसांची काय कमी?" मीही उगाच घाबरले. आमचं नवं काम एकवीस नोव्हेंबरला लाइव्ह जातंय. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात सुट्टी मागितली असती तर मॅनेजरने तोंडावर काही म्हटलं नसतं, पण माझं नाव मात्र लक्षात ठेवलं असतं. तुम्ही मला फार मोठ्या पेचातून सोडवलंत. त्यानंतरच्या वीकएंडला आम्ही तिघंही येतो. गुळाची पोळी मी करून आणणार, तुम्ही ओट्याजवळ जायचं नाही.

तनूला तुम्हाला लिहायचंय. मी काही सुधारलेलं नाही, जसं आहे तसं.

तुमची
मीनल

आत्याआजी मी तनू. आईने तुमचा पत्र मला वाचून दाखवली. माझी इंग्लिशची टीचर सांगते की एनीवन समवन हे इनडेफिनिट प्रोनाउन असतात. म्हणजे माणूस आहे पण कोण ते माहीत नाही. तुम्ही लिहिला की कोणी ना कोणी आहेच. मला त्या कोणी ना कोणीसाठी एक थँक यू कार्ड बनवायची आहे कारण तो तुमची काळजी घेणार. पण नाव पाहिजे. त्याचा नाव काय आहे? तो बाई आहे का माणूस? लव्ह, तनू.


पिनर,
२० ऑक्टोबर

चिमणे तनू,

तुझं पत्र वाचून आत्याआजी खूश. आता कान इकडे कर. "तुमचा पत्र" नाही, "तुमचं पत्र". पत्र ना धड तो, ना धड ती. ते पत्र. आणि "कार्ड बनवायची" नाही, "बनवायचं". बाकी तुझी टीचर हुशार आहे.

नाव विचारलंस. नावं पुष्कळ आहेत गं, एका कार्डावर मावायची नाहीत. तू असं कर, नाव न घालताच कार्ड पाठव. ज्याचं त्याला मी पोचवीन.

आईला सांग, तारीख थोडी पुढेमागे होईल असं इस्पितळातून कळवलंय, नक्की झालं की लिहीन. आणि सेविमआजी आता बसच्या ड्रायव्हरशी भांडते, तेही इंग्रजीत. काल तो दार लावून निघालाच होता, त्याला थांबवून म्हणाली, "यू डिडन्ट सी एनीवन? आय ॲम समवन!" मी मागे उभी होते. ताठ मानेने तिकीट दाखवून आत चढले.

तुझी
आत्याआजी


मिल्टन कीन्स,
१३ नोव्हेंबर

आत्या,

आज सकाळी तुम्हाला फोन केला. वीस तारीख जवळ आली, ती पुढेमागे झाली का आणि काय हवं-नको ते विचारावं म्हणून. फोन एका अनोळखी बाईंनी उचलला. मी विचारलं, आत्या कुठे आहेत? त्या म्हणाल्या, "स्लीप. ऑपरेशन फिनिश. सूप गुड."

मला आधी कळेचना. मग कळलं. ऑपरेशन मागच्याच आठवड्यात झालं. तुम्ही घरीसुद्धा आलात. आणि मला हे सूपवरून कळलं.

मी गाडीची किल्ली उचलली होती, आत्या. अजय म्हणाला, आधी त्यांच्याशी बोल तरी. त्या बाईंनी फोन तुमच्याकडे दिला. मी विचारलं, "मी येऊ का?" तुम्ही म्हणालात, "कोणी नको." एवढंच. मग शिट्टी वाजली आणि फोन बंद झाला.

मी तुमची भाची आहे. माझी मुंज झाली नाही म्हणून लहानपणी मी रडले होते, तेव्हा तुम्ही इथून मला एअरमेलने लाल रिबन पाठवली होती. त्या तुम्ही. तुमचं कोणी ना कोणी म्हणजे कोण होतं? मंडळातल्या नीनाताईंना मी फोन केला. त्यांना पत्ताच नाही. त्या म्हणाल्या, आम्हाला वाटलं, भाची येणार असेल.

तनूने विचारलं होतं, त्याचं नाव काय. त्या पोरीला जे दिसलं ते मला दिसलं नाही, कारण मला ते पाहायचं नव्हतं. तुम्ही "कोणी ना कोणी" लिहिलंत आणि मी सोयीचा अर्थ घेतला. तो माझा दोष. पण आता अर्थ लावत बसायची ताकद माझ्यात नाही. तुम्हाला मी हवी आहे की नको? सरळ लिहा. नको असेन तर तेही लिहा, मी मुकाट्याने ऐकेन.

मीनल


पिनर,
१६ नोव्हेंबर

माझ्या मीनल,

हे पत्र सेविम पेटीत टाकणार आहे, लवकर पोचणारं पहिल्या वर्गाचं तिकीट लावून. पडल्या पडल्या लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

आधी फोनचं. मला सुटायला एक पळवाट होती. लिहिता आलं असतं की मी "काही नको" म्हटलं, तुला "कोणी नको" ऐकू आलं. यंत्रावर ढकलता आलं असतं. पण नाही. तुझा प्रश्न मला ऐकू आला होता आणि मी "कोणी नको" हेच म्हटलं. म्हटल्याबरोबर जीभ चावली, पण तोवर फोन शिट्टी मारून मोकळा.

आता पहिल्यापासून सांगते. माझ्याकडे कोणी नव्हतं. मंडळाला मी कळवलंच नाही. हे होते तोवर आमच्या घरात पाहुण्यांची चप्पल कधी हलली नाही, दारातून वाट काढावी लागायची. ते गेल्यावर मी देत राहिले, मोदक दिले, शिकवण्या दिल्या, मागायची सवय तेवढी मोडली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत बसले. तुझी नोकरी हे कारण खरं होतं, पण ते मला फार सोयीचंही होतं. सेविम न कळून "एनीवन" म्हणाली. मी कळून म्हणाले. तुला "कोणी ना कोणी" लिहिलं आणि मनात अर्थ होता "कोणीच नाही". तिची चूक भाषेची. माझी काय म्हणायची ते तूच ठरव.

इस्पितळातून निरोप आला की एक जागा रिकामी झाली आहे, लवकर येता का. यंत्राला फोन चालेना, तेव्हा त्यांनी पत्र-निरोप सगळं केलं, त्यांचं काही चुकलं नाही. मी पिशवी भरली, टॅक्सी बोलावली. नर्सने विचारलं की सांगायचं उत्तर पाठ केलं होतं, "येस, समवन." व्याकरणात बिनचूक. फाटकात सेविम उभी.

"व्हेअर?"

"शॉप," मी म्हटलं.

तिने पिशवीत डोकावून पाहिलं. "शॉप विथ स्लिपर?"

मी पिशवी पाठीमागे घेतली. ती वर गेली, कोट घालून आली आणि टॅक्सीत माझ्याआधी जाऊन बसली. ड्रायव्हरला म्हणाली, "गो."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून पडले होते. यंत्र काढून पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवलेलं. खाटेच्या पायथ्याशी कोणी बोलत होतं, पण मला नुसती गुणगुण, लांबच्या देवळात आरती चालावी तशी. आणि त्या गुणगुणीतून एकच अक्षर स्वच्छ माझ्यापर्यंत आलं. "मी."

ठणठणीत मराठी. मीनल, मला वाटलं तू आलीस. किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. सगळं पोट शिवलेलं असताना आत काहीतरी सैल झालं. मी म्हटलं, "मीनल?" आणि डोळे उघडले. समोर सेविम, छातीवर हात ठेवून उभी.

काय झालं होतं ते नर्सने मला नंतर हळूहळू सांगितलं. तिने सेविमला विचारलं होतं, घरी हिच्याजवळ कोणी आहे का? तोच प्रश्न, तेच शब्द. "इज देअर एनीवन ॲट होम विथ हर?" सेविमने म्हणे बराच वेळ विचार केला. ओठ हलत होते, टेबलावर वाक्य जुळवताना हलतात तसे. मग म्हणाली, "नॉट एनीवन. मी."

इंग्रजीत असं म्हणत नाहीत. बुधवारी मी ते वाक्य लाल पेन्सिलीने दुरुस्त केलं असतं. पण नर्सला ते बरोबर समजलं, आणि मला तर मराठीतच समजलं.

तेव्हापासून ती माझ्या पुढच्या खोलीत झोपते. मुलगा आला की शेजारी वर जाऊन त्याला जेवण देते आणि परत येते. तनूचं कार्ड आलं. वर तिने मोठ्या अक्षरात लिहिलंय, "कोणी ना कोणीला थँक यू." सेविमने विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं. ती म्हणाली, "नो नेम?" मी पेन घेतलं आणि कोणी ना कोणी खोडून तिथे तिचं नाव घातलं. आता ते तिच्या फ्रिजवर आहे. तनूला सांग, तो बाई आहे.

तू विचारलंस, हवी की नको. सव्वीस तारखेला, बुधवारी दुपारी, डॉक्टरांनी बोलावलंय. गाठ कसली होती ते सांगणार आहेत. त्यांच्या खोलीत मी आधी दोनदा जाऊन आले आहे. टेबलासमोर दोन खुर्च्या असतात, एक पेशंटची आणि एक बरोबर आलेल्याची. दोन्ही वेळा मी त्या दुसऱ्या खुर्चीवर माझी पर्स ठेवली, म्हणजे ती रिकामी दिसू नये. सेविम येतेच आहे, पण ती म्हणते, मी बाहेर बसेन. बातमी ऐकायला आपल्या भाषेची माणसं लागतात, तुला तुझी लागतील. डॉक्टर काय म्हणाला ते माझ्या कानाशी येऊन मराठीत सांगायला कोणी लागेल.

हे बघ, परत तोच शब्द लिहिला. थांब, खोडते.

तू लागशील. एकवीस तारखेचं तुझं काम होऊन गेलेलं असेल. नसलं झालं, मॅनेजरने नाव लक्षात ठेवलं, तरीही मी विचारणार आहे, आणि तुला नाही म्हणायची मोकळीक आहे. पण विचारलंच नाही असं या वेळी होऊ द्यायचं नाही.

मीनल, त्या खुर्चीवर तू बसशील का?

तुझी
आत्या